घशातलं हाड

त्या उन्हाळ्यात टेकडीवरचं तळं आटलं आणि कोल्हे खाली उतरले. आधी ते ओढ्याच्या कडेला दिसायचे, मग बांधांवर, आणि पुढे पुढे तर दिवसाउजेडी घरांमागच्या हौदांत तोंड घालायला लागले. एका गोठ्यातलं वासरू तोंडाला फेस येऊन, खुंट्याला धडका देत मेलं, तेव्हा गावाची झोप उडाली. ज्यांनी जन्मात आपल्या कुत्र्याला रेबीजची सुई लावली नव्हती, ते सगळे एकदम जनावरांच्या दवाखान्यापुढे येऊन उभे राहिले. तहान लागल्यावर विहीर खणायला घ्यावी, तशी गत.

दवाखाना म्हणजे पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या, पुढे ओटा आणि मागे एक आडोशाची शेड. सकाळ सरायच्या आतच पत्रा तापायचा आणि आत फिनेलचा, ओल्या केसांचा आणि भ्यालेल्या जनावरांच्या मुताचा वास दाटून राहायचा. डॉक्टरीणबाई सुई टोचायच्या आणि धाकटी धरायची. तेच तिचं काम. घरात ती धाकटी सून म्हणून धाकटी, आणि गावानेही तेच नाव उचललेलं. पट्टीचा फास कुत्र्याच्या नाकाडावर टाकायचा, हनुवटीखाली तिढा द्यायचा, टोकं कानामागे बांधायची, डावा हात मानेखालून घालून डोकं आपल्या खांद्याशी दाबून ठेवायचं आणि सुई निघेपर्यंत त्याच्या कानात काहीबाही पुटपुटत राहायचं. काय पुटपुटते ते तिचं तिलाही ठाऊक नसायचं. कोपरापासून मनगटापर्यंत ओरखड्यांची जाळी झाली होती; जुन्या खपल्या निघायच्या आत नव्या धरायच्या.

जनावरांचं एक वेळ परवडलं. माणसांना फास टाकायची सोय नव्हती.

"अहो हळू, ते काय पोतं आहे का?" किराणा दुकानदार म्हणायचा, आणि मग आपल्या गुबगुबीत कुत्र्याच्या कानाशी वाकून, सगळ्या ओट्याला ऐकू जाईल असं, "ही बाई वाईट आहे हं. घरी गेल्यावर आपण हिचं नाव सांगू." शाळेतल्या निवृत्त बाईंनी मांजर बाजाराच्या पिशवीतून आणलं. "आमची फार गरीब आहे, धरायला नको," म्हणत त्यांनी चेन उघडली. गरीब मांजर पडद्यावरून थेट कपाटावर गेलं. ते खाली काढताना धाकटीच्या कपाळावर लांबच लांब रेघ उठली. "तुम्ही घाबरवलंत तिला," बाई म्हणाल्या. धाकटीने कपाळाला स्पिरिटचा बोळा दाबला आणि पुढच्याला हाक मारली.

हे सगळं ती गिळायची. गिळायची सवय तिला घरीच लागलेली होती.

घर लांबोडकं, एकाला एक लागून. दोन भावांनी वाटणी केली तेव्हा मधोमध भिंत घातली. पुढची दारं दोन झाली, चुली दोन झाल्या. थोरल्याच्या वाट्याला म्हातारे वडील आले, धाकट्याच्या वाट्याला पडवीची खोली. राहिली ती मागची परसाची पट्टी. त्या पट्टीत हौद होता, आणि हौद काही कुणाला कापून देता येईना. गेल्या हिवाळ्यात त्यावरून दोघी जावांची जी जुंपली, ती शेजारपाजारच्यांनी भांडी खाली ठेवून ऐकली. त्यानंतर बोलणं बंद.

बंद म्हणजे सरळ बोलणं बंद. थोरलीने एक कुत्रा पाळला होता. पांढरा, पोटाने गोल, म्हणून ढब्बू. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसं थोरली ढब्बूला बोलायची आणि भिंतीपलीकडे धाकटीला लागायचं. "ढब्बू, काही लोकांना झाकण लावता येत नाही बघ हौदाला." "ढब्बू, दिवसभर परक्या कुत्र्यांना मिठ्या मारायच्या आणि घरातल्या माणसांकडे बघायचं नाही, असंही असतं हं जगात." ढब्बू शेपटी हलवायचा. धाकटी ताट घासत राहायची.

हिवाळा सरता सरता दवाखान्याची सुयांची फेरी निघाली तेव्हा ती बर्फाची पेटी घेऊन दारोदार हिंडली होती. थोरलीच्या दारात गेली, तर थोरली उंबऱ्यात ढब्बूला म्हणाली, "आपल्याला नको रे. आपण शहरातून टोचून आणलंय." आणि दार लोटलं. शहरातून कोण टोचून आणणार होतं? धाकटीला ते कळलं होतं. पण कळलं म्हणून पुन्हा कडी वाजवायची तिची तयारी नव्हती.

आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी हौदापाशी दोन जनावरं भिडल्याचा आवाज झाला. धाकटी हातातलं टाकून मागच्या दारात आली, तोवर काहीतरी तांबूस बांधावरून पळून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने भिंतीवरून पाहिलं, ढब्बूचं नाक फाटलेलं होतं आणि थोरलीने त्यावर राख दाबली होती. सांगावं असं तिच्या मनात आलं. मग थोरली म्हणाली, "ढब्बू, आत चल, इथे नजर लागते," आणि धाकटीच्या ओठांवर आलेलं तिथेच राहिलं.

नाक भरून आलं. दिवस गेले. रांग वाढत गेली.

एका दुपारी, ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती तेव्हा, थोरली रस्त्याने येताना दिसली. ढब्बूला गोणपाटात गुंडाळून तिने लेकरासारखं छातीशी धरलं होतं. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. ती रांगेकडे न बघता थेट आत शिरली.

"अहो, रांग आहे," दुकानदार म्हणाला.

"रांगेत मरू देऊ का त्याला?" थोरली म्हणाली आणि गोणपाट टेबलावर ठेवलं. "मॅडम, आधी याला बघा. घशात हाड अडकलंय. कालपासून पाणीसुद्धा गिळत नाही."

ढब्बूचा जबडा खाली लोंबत होता. तोंडातून लाळेची जाड तार निघून टेबलावर साचत होती. डोळे उघडे होते, पण ते कुणाकडे बघत नव्हते. धाकटीचा हात सवयीने पट्टीकडे गेला.

"थांब," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "हात लावू नकोस."

डॉक्टरीणबाई एरवी ओरडून बोलायच्या.

"हाड कुणी बघितलं?" त्यांनी विचारलं.

"बघितलं नाही, पण असणार. मी दोनदा हात घालून चाचपलं. हाताला लागलं नाही. खोल गेलं असेल."

"हात दाखवा."

थोरलीने उजवा हात पुढे केला. बोटांच्या पेरांवर सालटं निघालेली होती, एका ठिकाणी रक्त सुकलेलं. "दात लागले जरासे," ती म्हणाली. "चावला नाही. हा चावत नाही कुणाला."

"रेबीजची सुई दिली आहे याला?"

"दिली आहे."

"कुठे?"

"शहरात. माझ्या भावाने नेलं होतं."

थोरलीचा भाऊ कैक वर्षांत या घराची पायरी चढला नव्हता. धाकटीने डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. मागच्या शेडमध्ये दोन पावलं टाकली असती तरी झालं असतं. पण खोलीत कुत्री भुंकत होती, पत्रा तापला होता, सकाळपासून प्रत्येकाने तिला काही ना काही ऐकवलं होतं, आणि तिच्या तोंडून ते सगळ्यांदेखत निघून गेलं.

"दिलेली नाही, मॅडम. मी दारात गेले होते तेव्हा यांनी दार लावून घेतलं."

ओट्यावरची कुजबूज थांबली. लोकांनी आपापल्या कुत्र्यांचे पट्टे जवळ ओढले. दुकानदार आपल्या गुबगुबीताला उचलून पायऱ्या उतरला.

थोरलीने हिवाळ्यानंतर पहिल्यांदा धाकटीकडे सरळ पाहिलं.

"आणि याचं नाक फाटलं होतं तेव्हा?" ती म्हणाली. "भिंतीवरून बघितलंस ना तू? तुझं तर कामच आहे ते. तेव्हा तुझ्या तोंडाला काय झालं होतं?"

धाकटीने पट्टी गुंडाळून बाजूला ठेवली.

"नाक कशाने फाटलं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

थोरलीने गोणपाटाची टोकं गोळा केली, कुत्र्याला उचललं आणि ती चालू लागली. "बाई, त्याला इथेच ठेवा. बाई, ऐका," डॉक्टरीणबाई मागे धावल्या. पण अडवायला कोण पुढे येणार? ओट्यावरची माणसं दोन्ही बाजूंना भिंतीला चिकटली आणि मधून वाट मोकळी झाली.

डॉक्टरीणबाईंनी फोन लावले. शहरातली कुत्री पकडायची गाडी उद्याशिवाय येणार नव्हती. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "घरात आणखी कोण आहे?"

"सासरे. मोठे दीर कामावर असतात." धाकटी थांबली. "सासऱ्यांच्या नडगीवर जखम आहे, मॅडम. बरी होत नाही. ढब्बू ती चाटतो. ताई म्हणतात, कुत्र्याची जीभ औषधी असते."

डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या. क्षणभर त्या नुसत्या टेबलावरच्या लाळेकडे बघत राहिल्या.

"तू तुझ्या सुया घेतल्या आहेस ना?"

"नोकरीला लागताना घेतल्या."

"मग तूच जा. मी इथलं धुऊन, या लोकांना वाटेला लावून येते. म्हाताऱ्यांना बाहेर काढायचं, तुझ्या जावेला बाहेर काढायचं आणि कुत्र्याला खोलीत कोंडायचं. धरायला जायचं नाही. कळलं का? आज धरायचं नाही."

जाड चामड्याचे मोजे आणि फासाची लांब काठी घेऊन धाकटी निघाली. ऊन डोक्यावर आग ओतत होतं. चौकात तिचा नवरा टेम्पोत माल भरत उभा होता. काठी बघून तो खाली उतरला. तिने दोन वाक्यांत सांगितलं.

"तू यात पडू नकोस," तो म्हणाला. "उद्या ते कुत्रं मेलं की म्हणतील, हौदासाठी हिने मारलं. जन्मभर ऐकून घ्यावं लागेल."

"आणि बाबा?"

तो हातातल्या दोरीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी येतो."

"तुमच्या सुया झालेल्या नाहीत. तुम्ही भाऊजींना घेऊन या. लवकर या."

थोरलीच्या पुढच्या दाराला आतून कडी होती. धाकटीने हाक मारली, "ताई." आतून उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. आत भांड्याचा आवाज झाला आणि सासऱ्यांचं खोकणं ऐकू आलं.

ती वळसा घालून मागच्या पट्टीत आली. उन्हाळ्यामुळे थोरलीचं मागचं दार सताड उघडं होतं. डोळे उजेडातून अंधाराला सरावायला वेळ लागला. मग एकेक गोष्ट दिसायला लागली. खाटेवर सासरे बसलेले, एक पाय वर, दुसरा लोंबता. लोंबत्या पायाची नडगी उघडी, जखम ओली, तिच्यावर माशी. खाटेखाली ढब्बू आडवा. आणि त्याच्या तोंडापाशी थोरली मांडी घालून बसलेली, एका हातात वाटी, दुसऱ्यात चमचा.

"ताई, चमचा ठेवा."

"आलीस तिथेच थांब," थोरली वर न बघता म्हणाली. "पाणी गेलं की बरं वाटेल त्याला. घसा कोरडा पडलाय."

"त्याला गिळताच येत नाहीये, ताई. घसा लुळा पडलाय त्याचा. वासराचं झालं तसंच आहे हे."

"तुला पाहिजेच आहे ते."

धाकटीने ते ऐकून घेतलं. वाद घालायला वेळ नव्हता. तिने सासऱ्यांकडे पाहिलं.

"बाबा, बाहेर येता का? हौदापाशी सावली आहे."

"काय?" सासऱ्यांना एका कानाने कमी ऐकू यायचं.

"बाहेर या."

"चहा?"

"हो," धाकटी म्हणाली. "चहा. बाहेर ठेवलाय."

"आता केला? बरं झालं. हिला सांगून थकलो मघापासून." सासऱ्यांनी वरचा पाय खाली घेतला. दोन्ही पाय जमिनीला टेकले, ढब्बूच्या लोंबत्या जबड्यापासून वीतभर अंतरावर. सासरे भिंतीशी टेकवलेली काठी चाचपत होते. सापडली. ती टेकवून ते उठायला लागले, आणि काठीचं टोक ढब्बूच्या पाठीला लागलं.

ढब्बू उसळला. त्याच्या घशातून भुंकणं निघालं नाही, काहीतरी फाटकं, लांबलेलं, कुत्र्याचं नसावं असं निघालं. जबडा मिटत नव्हता तरी त्याने काठीवर तोंड टाकलं आणि दात लाकडावर खरवडत राहिले. सासरे मागे कलले. धाकटीने उडी घेऊन त्यांना काखेत हात घालून धरलं आणि त्यांची काठी तिथेच सोडून दाराबाहेर ओढलं. म्हाताऱ्याचं हलकं शरीर तिच्या अंगावर आलं. दोघं हौदाच्या कडेला धपकन बसले.

"अगं, हे काय. चहा सांडेल," सासरे म्हणाले.

त्यांना तिथेच सोडून ती पुन्हा दारात गेली. थोरली भिंतीला पाठ लावून उभी होती. वाटी कलंडली होती. ढब्बूने काठी सोडली होती आणि तो मागच्या पायांवर झोकांड्या खात खोलीच्या मधोमध, दार आणि थोरलीच्या मध्ये उभा होता.

"ताई, हलू नका एकदम."

"ढब्बू," थोरली म्हणाली. "ढब्बू, मी आहे रे."

कुत्र्याने आवाजाच्या दिशेने मान वळवली. त्याच्या डोळ्यांत ओळखीचं काही आलं नाही. तो तिच्याकडे दोन पावलं गेला, भिंतीला डोकं धडकवलं, मागे आला, पुन्हा धडकवलं. कलंडलेल्या वाटीतलं पाणी वाहत त्याच्या पंजाला लागलं तसा तो अंग आक्रसून थरथरला आणि हवेतच तोंड टाकू लागला.

धाकटीने फासाची काठी आडवी आत सारली. तिचे हात घामाने निसटत होते. फास टाकायची आणि धरायची ओढ मनगटापर्यंत आली होती. ती तिने दाबली. काठी कुत्र्याच्या आणि थोरलीच्या मध्ये कुंपणासारखी धरून ती म्हणाली, "काठीच्या मागून या. भिंतीला घासत."

थोरली हलली नाही. ती ढब्बूकडे बघत होती. कितीतरी वेळ बघत होती असं धाकटीला वाटलं. मग ती आपली आपण निघाली. भिंतीला घासत, काठीच्या मागून, एकदाही न थांबता बाहेर आली आणि धाकटीने काठी मागे खेचताच तिनेच दार ओढून घेतलं. कडी घातली. हात कडीवरच राहिला.

आतून दारावर धडक बसली. पुन्हा बसली.

"पुढच्या दाराला कडी आहे," थोरली म्हणाली. "तिकडून जाणार नाही."

धाकटीने तिचा तो हात धरला आणि हौदाच्या तोटीखाली नेला. "साबण लावा. घासा." थोरलीचा हात लाकडासारखा झाला होता, म्हणून धाकटीच घासायला लागली. एकेक बोट, एकेक पेर, नखांच्या कडा. फेस निघाला, वाहिला, पुन्हा साबण. सुकलेलं रक्त मोकळं होऊन ताजं आलं तरी ती घासत राहिली. थोरलीने हात काढून घेतला नाही. मग सासऱ्यांची नडगी. ते "आई गं" करून कळवळले, मग चहाचं विचारलं. ज्या हौदाच्या पाण्यावरून हिवाळ्यात दोघींनी एकमेकींच्या माहेरचा उद्धार केला होता, ते पाणी दुपारभर वाहिलं आणि कुणी तोटी बंद करा म्हणालं नाही.

दोघे भाऊ आले. थोरल्याने बंद दाराला कान लावला आणि आतलं ऐकून त्याचा चेहरा उतरला. धाकटा काही बोलायला गेला तसा तो म्हणाला, "नंतर. आधी बाबांचं बघू."

उन्हं कलती झाल्यावर डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि थोरल्याला बाजूला घेतलं. तो होकाराची मान हलवत राहिला. थोरलीला कुणी विचारलं नाही; ती पुढच्या ओट्यावर, दाराकडे पाठ करून बसली होती. खिडकीच्या गजांतून फास टाकणं सोपं नव्हतं. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा बसला, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता धर." धाकटीने सगळं वजन काठीवर टाकलं. लांब दांड्याला लावलेली सुई आत गेली. काठीतून ढब्बूची धडपड तिच्या तळहातांत येत होती. मग ती कमी कमी होत गेली आणि थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या शेडमध्ये उरलेलं काम झालं. प्रयोगशाळेला मेंदू लागतो, आणि मेंदू पाठवायचा म्हणजे डोकं पाठवायचं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांवर चष्मा, तोंडावर पट्टी आणि दुहेरी मोजे चढवले, धाकटीलाही चढवायला लावले. "जमेल का तुला?" त्यांनी विचारलं. "नाहीतर मी शहरातल्या माणसांना सांगते. दुपारी येतील."

धाकटीने शहरातली माणसं पाहिली होती. ती मेलेलं कुत्रं तंगडीला धरून गाडीत भिरकावत.

"मी धरते," ती म्हणाली.

"मान सरळ ठेव."

सुरी चालू झाली, मग करवत. बाहेर रांगेतली कुत्री भुंकत होती. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई करवत थांबवून म्हणाल्या, "काय म्हणतेस?" तेव्हा धाकटीला कळलं की ती पुटपुटत होती. "काही नाही, मॅडम," ती म्हणाली. डोकं पिशव्यांत गुंडाळून बर्फाच्या पेटीत गेलं. धड चुन्याच्या खड्ड्यात गेलं. घशात आत, खोलवर, डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम पाहिलं. काहीही नव्हतं.

माणसांच्या दवाखान्यात त्याच दिवशी तिघं बाकावर बसले: मध्ये सासरे, दोन्ही बाजूंना दोघी. धाकटीला दंडावर सुई पुरली. बाकीच्या दोघांना जखमेतच टोचायचं होतं. सासऱ्यांच्या नडगीत सुई फिरली तेव्हा त्यांनी नर्सला सांगितलं, "त्या कुत्र्याने जेवढा आराम दिला तेवढा तुमच्या मलमाने नाही दिला," आणि नर्सने बिचारीने ऐकून घेतलं. थोरलीची पाळी आली. बोटांच्या पेरांत मांस कितीसं असणार? सुई हाडाशी जाताच तिने हात खेचला. "बाई, कुणीतरी धरा यांना," नर्स म्हणाली. धाकटी उठली. तिने थोरलीचं मनगट आपल्या काखेत दाबलं, दुसऱ्या हाताने तिचं डोकं खांद्याशी घेतलं आणि शेवटचं पेर होईपर्यंत तसंच धरून ठेवलं. थोरली ओरडली नाही. तिच्या दातांचा आवाज मात्र धाकटीला खांद्यातून ऐकू आला.

प्रयोगशाळेचं उत्तर आलं ते सगळ्यांना माहीत होतं तेच होतं. उरलेल्या सुयांच्या तारखांना दोघी सासऱ्यांना घेऊन जात राहिल्या. "लवकर धुतलंत, ते बरं केलंत," तिथले डॉक्टर म्हणाले. "पण म्हातारबुवांची जखम जुनी आहे, किती दिवस चाटली ते कुणाला ठाऊक. आता वाट बघायची." किती, असं थोरल्याने विचारलं, तर ते म्हणाले, काही महिने. त्यानंतर घरात सासरे शिंकले तरी भिंतीच्या दोन्ही बाजूंची कामं थांबायची. त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला की थोरली त्यांच्या घशाकडे बघत उभी राहायची. पाणी खाली उतरलं की मग हलायची. सासरे वैतागले. "मला पाणी पिताना बघायला तिकीट लावा," म्हणाले.

दोघी बोलायच्या, पण कामापुरतं. कधी निघायचं, पट्टी बदलली का, एवढंच. हौदाचा विषय कुणी काढला नाही, आणि मिटलाही नाही.

शेवटच्या सुईच्या दिवशी दवाखान्याच्या रांगेत किराणा दुकानदार भेटला. त्याच्या गुबगुबीताला टेबलावरची लाळ लागली होती की काय या धास्तीने तोही सुया घेत होता. "वाईट झालं हो तुमच्या कुत्र्याचं," तो थोरलीला म्हणाला. "आणि ते डोकं कापून पाठवतात म्हणे. ऐकूनच कसंतरी होतं." धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. बोललेलं काही परत घेता येत नाही.

थोरलीने सुई घेतली आणि ती बाहेर पडून सासऱ्यांचा एक दंड धरून चालू लागली. दुसरा धाकटीने धरला. रस्त्यावर धूळ होती, ढग येऊन नुसतेच उभे होते. तिघांनी ओढा ओलांडला.

"हाड होतं का?" मग थोरलीने विचारलं.

"नव्हतं, ताई. मॅडमनी नीट बघितलं."

आणखी थोडं अंतर गेलं.

"तू होतीस तिथे? ते करताना?"

"होते."

"धरलं कुणी होतं त्याला?"

खोटं सांगता आलं असतं. शहरातली माणसं आली होती, असं म्हणता आलं असतं.

"मी," ती म्हणाली.

थोरलीचं पाऊल अडखळलं. म्हाताऱ्याच्या दंडावरची तिची पकड इतकी घट्ट झाली की त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. तिच्या बोटांच्या पेरांवर सुयांचे डाग अजून निळे होते.

"मग बरं," ती म्हणाली. "परक्याच्या हातात नव्हता."

तिने डोळे पुसले, तेही मोकळ्या हाताने, चालता चालता.

"अगं, तुम्ही दोघी दोन बाजूंना ओढताय मला," सासरे म्हणाले. "एकीने तरी सोडा."

सोडलं कुणीच नाही. तिघं तसेच, जरा वाकडेतिकडे, घराकडे चालत राहिले.